हक्काच्या जागी पाहुणे

सप्टेंबर २०१८मध्ये 'व्हॉयेजर ऑफ द सीज' हे जहाज सिडनीहून तीन दिवसांच्या सफरीला निघालं. तीन हजारांवर प्रवासी मावतील एवढं मोठं जहाज. त्यातले सुमारे तेराशे पुरुष एकाच भारतीय पानमसाला कंपनीचे कर्मचारी होते. बाकीचे प्रवासी आपापली तिकिटं काढून सुट्टीवर निघालेले: मुलाबाळांसह आलेली कुटुंबं, जोडपी, मैत्रिणी-मैत्रिणी. जहाज परतलं आणि ऑस्ट्रेलियात त्याची बातमी झाली. पोहण्याच्या तलावापाशी बायका-मुलींचं मोबाइलवर चित्रण चाललं होतं, बार आणि जेवणाची टेबलं एकाच जथ्याने व्यापली होती, जहाजावर मोकळेपणाने फिरता येत नव्हतं, अशा प्रवाशांच्या तक्रारी होत्या. जहाज कंपनीने भाडं परत केलं.

आपल्याकडे ती बातमी वाचून काहींना शरम वाटली, काहींना तीत गोऱ्या लोकांचा आकस दिसला. आकस थोडाफार असेलही. परदेशात शंभर भारतीयांचा गलका झाला की तो साऱ्या देशाच्या नावावर मांडला जातो, तेवढाच गलका तिथल्या तरुणांनी केला तर पोरं मजा करताहेत म्हणतात. पण आपल्यावर कॅमेरा रोखलेला पाहून तलावातून बाहेर पडणाऱ्या बाईला हा हिशेब ऐकवण्यात अर्थ नाही. तिची तक्रार खरी आहे आणि ती आधी ऐकली पाहिजे.

मला मात्र त्या प्रकरणात राहून राहून दुसरीच गोष्ट खटकते. एवढ्या लोकांचं बुकिंग आदल्या रात्री होत नसतं. त्यांच्या खोल्या, जेवण, कार्यक्रम, सभागृहाच्या वेळा हे सगळं कितीतरी आधी ठरलेलं असतं. म्हणजे या सफरीत एक खूप मोठा गट असणार हे जहाज कंपनीला पुरतं ठाऊक होतं, गटालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त स्वतःच्या खिशातून एकेक खोली घेणाऱ्यांना.

जहाजाच्या धंद्यात गटाचं बुकिंग ही नेहमीची बाब आहे. कोणी अख्खं जहाजच भाड्याने घेतं. २०२४च्या मे महिन्यात एका भारतीय उद्योगपती घराण्याने लग्नाआधीच्या सोहळ्यासाठी भूमध्य समुद्रात 'सेलिब्रिटी असेंट' असंच घेतलं होतं. त्या श्रीमंतीबद्दल कोणाला काय वाटायचं ते वाटो, पण पूर्ण जहाज घेणाऱ्याचा जहाजावर तरी कोणा अनोळखी माणसाला उपद्रव नसतो. प्रश्न उभा राहतो तो अर्धंमुर्धं घेतलेल्या जहाजावर. रिकामी गेलेली खोली पुन्हा विकता येत नाही, म्हणून कंपनीला गट हवाच असतो. तीनशे खोल्या एका सहीत जातात. मग त्या गटाने संध्याकाळी दोन तास सभागृह मागितलं, एखादा लाउंज मागितला, तर नाही म्हणणं जड जातं.

आता एकट्यादुकट्या प्रवाशाने काय विकत घेतलेलं असतं ते पाहू. त्याची खोली जेमतेम दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची. तिच्यात झोपायचं आणि कपडे बदलायचे. त्याने पैसे मोजलेले असतात ते खोलीबाहेरच्या जहाजासाठी: सभागृह, तलाव, वरचा डेक, संध्याकाळचं संगीत. माहितीपत्रकातली चित्रंही याच गोष्टींची असतात. हे सगळं सामाईक असतं आणि ते सामाईक आहे म्हणूनच त्याला परवडतं. अशा वेळी सामाईकातला एक तुकडा कापून कोणाला देणं म्हणजे एकदा विकलेली वस्तू दुसऱ्यांदा विकणं. 'आपल्या सोयीनुसार कार्यक्रमांत बदल होऊ शकतात' ही अटींमधली बारीक अक्षरांतली ओळ कायद्याला पुरत असेल. सचोटीला ती पुरत नाही.

सिंगापूरहून निघालेल्या एका सफरीत मी ही कापाकापी जवळून पाहिली. त्या जहाजावर आपल्याकडच्याच एका कंपनीच्या वितरकांचं संमेलन होतं. सगळ्यांचे एकसारखे नारिंगी टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्राच्या पट्ट्या. रात्रीच्या खेळाला मी सभागृहापाशी पोचले तर दारात पितळी खांबावर पाटी: खासगी कार्यक्रम. पाटीपुढे साताऱ्याकडचं एक वयस्क जोडपं उभं होतं. मुलाने तिकिटं काढून दिलेली. बाई जांभळं इरकल नेसून, केसांत दोन मोगऱ्याच्या कळ्या खोचून आल्या होत्या. त्या कळ्या त्यांनी घरून ओल्या रुमालात गुंडाळून आणल्या होत्या, हे नंतर कळलं. आत बक्षीस समारंभ चालला होता. माइकवर जिल्ह्यांची नावं पुकारली जात होती आणि प्रत्येक नावासरशी शिट्ट्या पडत होत्या.

तेवढ्यात आतून जळगावचे एक वितरक बाहेर आले. भला माणूस. त्या बाईंना पाहून ते म्हणाले, "या ना मावशी, आत या. मागे खुर्च्या रिकाम्या आहेत. आईस्क्रीम पण आहे." बाई हसल्या. "नको बाबा. तुमचा घरचा कार्यक्रम. आमंत्रण नाही, काही नाही, कसं येऊन बसायचं?" वितरकांनी आणखी एकदा आग्रह केला, मग ते आत गेले. नवरा-बायको लिफ्टकडे वळले.

त्या जळगावकरांच्या मनात काहीही वावगं नव्हतं. आपल्या माणसाला बोलवावं तसं त्यांनी बोलावलं. पण ज्या खुर्चीचे पैसे बाईंच्या तिकिटात आधीच भरलेले होते, तीच खुर्ची त्यांना आता कोणाच्या तरी मेहेरबानीने मिळणार होती. मेहेरबानी घ्यायची तर आमंत्रण हवं, हा त्यांच्या पिढीचा संस्कार. त्यांचा हक्क होता, आणि हक्काला आमंत्रण लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या संख्येचं बळ असंच काम करतं. त्याला कोणाशी भांडावं लागत नाही. ते नुसतं असलं तरी जागा त्याची होते आणि बाकीचे पाहुणे होतात.

पाटीजवळ गोव्याचा एक तारवटी, म्हणजे जहाजावरचा कर्मचारी, उभा होता, सासष्टीकडचा तरुण मुलगा. मराठी-कोकणीच्या मिसळीत तो मला म्हणाला, "पाटी आम्ही लावतो, ताई. बुकिंग वर होतं. लोक बोलतात मात्र आम्हाला." महिनोन्महिने घरापासून दूर राहून राबणारी ही मुलं. ज्या निर्णयात त्यांना विचारलेलंही नसतं, त्याची बोलणी ती रोज हसतमुखाने ऐकून घेतात. गटाचं बुकिंग करणाऱ्या साहेबाच्या टेबलापर्यंत त्यातलं काय पोचत असेल?

गटाच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे, कारण नारिंगी टी-शर्ट घातलेल्यांपैकी कित्येकांचा तो पहिला पासपोर्ट होता. तालुक्याच्या गावी दुकान चालवायचं, वर्षभर उधारी वसूल करत फिरायचं, दिवाळीतही शटर अर्धं उघडं ठेवायचं, आणि मग एकदा कंपनीने समुद्रावर न्यायचं. एक बाई मैत्रिणीचा हात घट्ट धरून कठड्याशी उभी होती आणि पाणी कापलं जाताना एकटक पाहत होती. हा आनंद त्यांनी कष्टाने मिळवलेला आहे. तो कमी करून घ्या असं मी कोणाला सांगणार नाही. पण आपल्या माणसांत असलो की आपल्याला आपला आवाज ऐकू येत नाही. समोरचा प्रत्येक चेहरा ओळखीचा, प्रत्येक विनोद कळणारा. अनोळखी माणूस नजरेसच पडत नाही. एकट्या प्रवाशाला आपण एकटे आहोत हे क्षणोक्षणी ठाऊक असतं, गटाला मात्र आपण गट आहोत याचा विसर पडतो. आणि इथे जहाजाचा वेगळेपणा आडवा येतो. हॉटेलात असा त्रास झाला तर माणूस बॅग उचलून दुसरीकडे जातो. नांगर उचलल्यावर कुठे जाणार?

मोठा समूह म्हणजे बेशिस्त, असं मात्र मुळीच नाही. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा समुदाय शांत होतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. ज्याचा हात वर गेला की सगळे थांबतील असा माणूस तिथे आहे, आणि तक्रार कोणाच्या कानावर जाणार हेही तिथे ठरलेलं आहे. जहाजावरच्या गटाला नेता असतो, पण तो व्यासपीठावर बक्षिसं वाटत असतो. आणि एकट्या प्रवाशाची तक्रार स्वागतकक्षातल्या एखाद्या नवख्या मुलीपाशी जाऊन थांबते. कूपन देऊन माफी मागण्यापलीकडे तिच्या हातात काही नसतं.

जहाज स्वतः माणसं कशी मोजतं हे पाहायचं तर सफरीच्या सुरुवातीची सुरक्षा कवायत पाहावी. संकटाचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा. तो झाला की प्रत्येकाने आपापल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमण्याच्या ठरलेल्या जागी, जायचं. १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडलं आणि ३२ जण दगावले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तेव्हा व्हायची होती, कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत केली तरी चालत असे. नियम बदलला आणि २०१५पासून निघण्याआधी किंवा निघताक्षणीच ती बंधनकारक झाली. या कवायतीत तुमचं ठिकाण ठरतं ते खोलीवरून. तुम्ही कोणत्या कंपनीचे, कोणत्या वऱ्हाडातले, तुमच्या गटाने किती खोल्या घेतल्या, हे तिथे कोणी विचारत नाही. साताऱ्याच्या त्या बाई आणि कंपनीचे सर्वोच्च साहेब एकाच बोटीच्या यादीत असू शकतात आणि दोघांची जागा सारखीच पक्की असते. जिवाचा प्रश्न आला की जहाज गट मोजत नाही, माणसं मोजतं. मग करमणुकीच्या वेळी त्याने वेगळा हिशेब का करावा, हे मला कोणी समजावून सांगावं.

जहाज कंपन्यांनी काय करावं हे सांगणं अवघड नाही. एखाद्या सफरीतल्या खोल्यांचा मोठा हिस्सा एका गटाने घेतला असेल तर उरलेल्या प्रवाशांना शेवटचा हप्ता भरण्याआधी तसं कळवावं. कोणती जागा कधी बंद राहील ते सांगावं. तारीख बदलायची असेल तर दंड न लावता बदलून द्यावी. सभागृह एकच असेल तर सर्वांसाठीचा खेळ त्या रात्री दुसऱ्या वेळी ठेवावा. यातलं काहीही करायला नवं जहाज बांधावं लागत नाही. काही बुकिंगं गळतील, हीच खरी भीती. पण माहिती दिल्यामुळे जे गिऱ्हाईक गळतं, ते माहिती लपवूनच धरून ठेवलेलं होतं.

एकट्या प्रवाशाकडेही थोडं मागणं आहे. टी-शर्टचा रंग पाहून 'ते लोक' म्हणायला फार वेळ लागत नाही. त्या सफरीत लिफ्टमध्ये दोन नारिंगी माणसं शिरली तेव्हा एका बाईने नाक मुरडलेलं मी पाहिलं. ती दोघं गप्प उभी होती, एकाने तर तिच्यासाठी दार धरून ठेवलं होतं. गटाने अडवलेल्या जागेबद्दल जरूर बोलावं, लेखी बोलावं. गटातल्या एकेका माणसावर तो राग काढू नये.

हा विषय आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. साखरपुडे, एकसष्ट्या, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे जहाजावर होऊ लागले आहेत. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी पुढच्या हंगामात चाळीस खोल्या घेतल्या आहेत. कंपनीने सभागृहाची रात्री आठची वेळ देऊ केली. सगळी जुळवाजुळव करणाऱ्या मुलीने एवढंच विचारलं की आमचा कार्यक्रम नसता तर त्या वेळी तिथे काय झालं असतं. उत्तर आलं, नेहमीचा जादूचा खेळ. तिने दुपारी साडेतीनची वेळ मागून घेतली. घरातली अर्धी मंडळी नाराज आहेत. दुपारी नाचाला रंग येत नाही, दिव्यांची मजा नाही, आणि एवढे पैसे भरून आपणच का तडजोड करायची, असं काकांचं म्हणणं आहे. ती बधलेली नाही. काकांची समजूत काढण्याचं काम तिने आता वडिलांवर सोपवलं आहे.