शंभरावे मेंढरू कोणी मोजले?



वर्ष सरत आले की संस्थांचे अहवाल येतात. इतक्या वह्या वाटल्या, इतकी शिबिरे झाली, इतक्या महिलांना शिवणकाम शिकवले. आपण टाळ्या वाजवतो. पण कोणी उठून विचारले, "यातून बदलले काय?" तर सभा अवघडते. काहींना तो प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू द्यायचे नाही, तर मग त्याचा हिशेब कशाला?

आपल्या जिल्ह्यात नेहमी दिसणाऱ्या एका गोष्टीवरून याचा विचार करू या.

हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या दिवशी आशाताई येते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचे वजन करते, ताप पाहते, बाळ अंगावर नीट पिते का ते विचारते. केंद्र सरकारने ही पद्धत २०११ साली देशभर घेतली. तिचे मूळ मात्र आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत आहे. आणि त्या मुळाशी एक साधी नोंदवही आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्या माणसांनी गावोगाव प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. घरात जन्मून घरातच गेलेली, बारसेही न झालेली बाळे त्या वहीत आली. १९९३ ते १९९५ या काळात ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. शेजारच्या ४७ गावांत हा आकडा ५८ होता. नंतर त्या ३९ गावांतल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणत. तिसऱ्या वर्षी तिथला आकडा २६ च्या आत आला. ४७ गावांत मात्र तो ६० च्या आसपासच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

ती ४७ गावे मोजली नसती तर? कोणीही म्हणाले असते, "काळ बदलला, रस्ते झाले, बाळे जगणारच होती." आपल्याकडचेच पाहा. एखाद्या संस्थेने बचत गटांना मदत केली आणि त्याच वर्षी हळदीला चांगला भाव आला, तर घरात आलेला पैसा कोणाच्या खात्यावर मांडायचा? बाजाराचे श्रेय आपल्या नावावर लिहिणे हाही एक प्रकारचा खोटेपणाच आहे.

इथे एक टोचणीही आहे. त्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा होती, आरोग्यदूत नव्हते. तिथल्या आईने विचारले असते, "आमच्या गावात का नाही?" तर उत्तर सोपे नव्हते. मला सुचते ते इतकेच, की मोजणाऱ्यावर एक कर्ज चढते. जे शिकले ते उरलेल्या गावांपर्यंत पोचवल्याशिवाय ते फिटत नाही. आज कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातल्या घरात आशाताई वजनकाटा घेऊन येते, तेव्हा त्या कर्जाचा एक हप्ता फिटत असतो.

मोजण्याचा दुसरा धोका आपल्या मनातला. जे मोजता येते तेच आपण करू लागतो. समजा, आपण गावात शंभर दप्तरे वाटली. अहवालात आकडा शंभर, फोटोही झकास. दिवाळीनंतर त्यातली काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. दप्तरे भिंतीला टांगलेली आणि मुले फडात. आकडा खोटा नाही, पण तो मुलांविषयी काहीच सांगत नाही. सांगतो तो आपल्याविषयी. याउलट, एखाद्या एकट्या म्हातारीजवळ दर आठवड्याला कोणी तासभर बसते. ते कोणत्या रकान्यात लिहायचे? कोणत्याच नाही. तरी ते बंद करू नये.

मग मोजावे की नाही? आपल्याला ठाऊक असलेला तो मेंढपाळ आठवा. नव्याण्णव सोडून तो एकाला शोधायला गेला, त्याच्या मायेविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. पण एक कमी आहे हे त्याला कळले कसे? त्या संध्याकाळी त्याने मोजले होते म्हणून. मोजले नसते, तर माया असूनही ते मेंढरू रानातच राहिले असते. डाव्या हातापासून लपवायचा असतो तो आपला मोठेपणा. हरवलेले मेंढरू लपवायचे नसते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणत्याही संस्थेचा अहवाल हातात आला, आपल्या धर्मग्रामाचासुद्धा, तर किती जणांना दिले हे जरूर वाचा. मग एवढेच विचारा: "कोण राहून गेले?" आणि उत्तर आले की टाळ्यांसाठी थांबू नका. त्या घराकडे निघा.