हसू दाबताना

हसू दाबावं की नाही, हा प्रश्न शिकलेल्यांना फालतू वाटेल. वाटू दे. आपल्या तोंडावर या देशात एवढा पहारा होता, की तोंडातनं जे जे बाहेर पडतं त्याचा विचार आपण करायलाच पाहिजे. पेशवाईत पुण्यात थुंकीसाठी गळ्यात मडकं बांधावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलंय. मुंबईच्या गिरण्यांत साळखातं आपल्याला बंद. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि तोंड आपलं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढाऱ्यांसमोर टाकला.

आणि हसू तर थुंकीपेक्षा धोक्याचं. समोर हसला म्हणजे माजला. माझी आजी अजूनही कुणी साहेब दारात आला की तोंडाला पदर लावते. हसायच्या आधीच.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. तिथल्या घरघरीत हसू ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. मशीन थांबली की आपल्याच घशाची भीती वाटते. मागं आमच्यातला एक कंत्राटी म्हातारा वारला. पाळी सुटताना शोकसभा झाली. त्याची बायको मागं उभी होती. साहेब कागद धरून म्हणाले, "ते आमच्या कुटुंबातलेच होते," आणि नाव दुसऱ्याचंच घेतलं. तो दुसरा माझ्या शेजारी हात जोडून उभा, चांगला जिवंत. कानात म्हणतो, "मग उद्या येऊ का नको रं?"

मी गाल आतनं दातात धरला. नजर बॉबिनवर ठेवली. पोटात कळ, डोळ्यांतनं पाणी. साहेबांना वाटलं रडतोय, त्यांनी पाठीवर हात ठेवला. म्हणजे आणखीच वांधा! आणि खरं सांगायचं तर मी रडतही होतो. तुटलेली तार सांधायला मला त्या म्हाताऱ्यानंच शिकवलं.

बर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानं १९०० साली हसण्यावर पुस्तक लिहिलं. जिवंत माणूस यंत्रासारखा वागला की हसू येतं, म्हणतो. साहेबांना हे तंतोतंत लागू. पण हसताना काळीज बधिर असावं लागतं, असंही तो म्हणतो. ते मला पटत नाही. माझं काळीज जागं होतं, म्हणूनच आवरेना.

वेळकाळ बघून हसावं म्हणतात. वेळ कुणाच्या घड्याळातली? आमच्या आडनावावर जॉबर दात काढतो, तेव्हा त्याला गाल चावावा लागत नाही. गावातनं मोठ्यानं हसत जाऊ नये, असा भिक्खूंनाही विनयात नियम आहे. पण तो त्यांनी समजून घेतलेला, ती शिस्त. पगार कापतील म्हणून गिळलेलं हसू ही शिस्त नव्हे. त्या बाईसाठी मी कुठंही हसू दाबलं असतं, भीती असो नसो. पण त्या दिवशी तिच्यासाठी किती दाबलं आणि साहेबासाठी किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. दोन्ही एकाच पोटात होतं.

आणखी एक गोष्ट डोक्यातनं जात नाही. आपल्या सभेतही पुढारी कागद बघून कार्यकर्त्याचं नाव चुकतो. आपण सगळे खाली मान घालून ओठ चावतो. तिथं तर कुणाचा पगार कापला जात नाही. मग दोस्तांनो, तिथं आपण कुणाला भितो?