परकें कार्ड

विकत घेतलेल्या वस्तूवर विकणाराचा अधिकार कोठवर चालावा, हा प्रश्न ग्रंथांत जितका सोपा दिसतो तितका जुन्या संगणकाचें झांकण उघडून बसलें म्हणजे राहात नाहीं. १९९५ सालीं ॲपलनें काढलेल्या पॉवर मॅकिंटॉश ९५०० या यंत्रांत जोडकार्डांसाठीं पीसीआय जातीच्या सहा खांचा होत्या. ही खांच मूळ इंटेलनें १९९२ मध्यें पुढें आणलेली; म्हणून पीसीसाठीं बनलेलें कार्ड येथेंही नेमकें बसतें. बसतें खरें, पण ग्राफिक्स कार्ड असल्यास पडदा काळाच राहतो.

कारण मोठें मौजेचें आहे. स्वतःस जागें कसें करावें याच्या सूचना कार्डाच्या रॉममध्यें लिहिलेल्या असतात, त्या इंटेलच्या प्रोसेसरांच्या भाषेंत. मॅकिंटॉशचें फर्मवेअर एफकोड नांवाच्या निराळ्या भाषेंतील परिचयाची वाट पाहात बसतें. म्हणजे दोष कार्डाच्या कर्तृत्वांत नसून त्याच्या परिचयपत्रांत आहे. डेकच्या अल्फा यंत्रांनीं तर फर्मवेअरमध्येंच इंटेलच्या प्रोसेसराची नक्कल करणारा एक दुभाषी ठेवला होता! इतकें सौजन्य विरळा.

मॅकिंटॉशसाठीं म्हणून विकलीं जाणारीं कार्डें पुष्कळदां महाग पडत. तेव्हां त्यांच्या रॉमची प्रत काढून ती स्वस्त पीसी-कार्डांत भरण्याची चाल कित्येकांनीं पाडली. त्यांस चोर म्हणणें मला जड जातें. परंतु कार्ड आपलें असलें तरी तो मजकूर आपला नव्हे, हेंही झांकून ठेवतां येत नाहीं.

लिनक्सनें दुसरी वाट धरली. १९९५ च्या मार्चमधील १.२ या आवृत्तींत अल्फाला स्थान मिळालें, आणि यजमान पीसीच असेल असें गृहीत धरण्याची सोय ड्रायव्हर लिहिणारास उरली नाहीं. काम फार बारीक. पीसीआयच्या व्यवहारांत संख्येचा कनिष्ठ बाईट आधीं येतो, मॅकिंटॉशच्या पॉवरपीसीवर ज्येष्ठ आधीं. आपण ‘पंचवीस’ म्हणतांना पांच आधीं उच्चारतों आणि लिहितांना दोन आधीं मांडतों, तसाच हा घोटाळा. आपल्याला तो बालपणींच अंगवळणी पडतो. ड्रायव्हरमध्यें मात्र ही उलटापालट ठिकठिकाणीं कोणास तरी डोळ्यांत तेल घालून लिहावी लागते. एक जागा चुकली कीं २५ चे ५२ होतात. पण हे श्रम करणारानें कोणाचें कांहीं घेतलेलें नसतें. मिळालेलें ज्ञान तो सर्वांस वांटून टाकतो.

साधें नेटवर्क कार्ड या वाटेनें निर्वेध चालतें. ड्रायव्हर थेट चिपशींच बोलतो, रॉमशीं त्यास कर्तव्य नसतें. ग्राफिक्स कार्डांची गोष्ट कठीण, कारण कित्येक उत्पादकांनीं आपल्या चिपांची माहितीच बाहेर दिली नाहीं. माझा खरा राग आहे तो यांच्यावर. प्रामाणिक वाट बुजवून टाकायची, आणि आडवाटेनें गेलेल्यास दोष द्यायचा, हा कोठला न्याय?

असो. माझ्यापुरतें मीं ठरविलें आहे कीं, पडद्याचें काम यंत्राच्या मूळच्या कार्डाकडेंच राहूं द्यावें, आणि शेजारच्या खांचेंत पीसीचें नेटवर्क कार्ड बसवावें. आरंभीं फर्मवेअर त्याची विचारपूस करीत नाहीं. पुढें लिनक्स सुरू झालें म्हणजे तें मुकाट्यानें कामास लागतें.