शंकासमाधान : मोटारीचे पैसे

शंका : माझं गाव वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात. दारूपायी मी भावकीतल्याच एकाची ओढ्यावरची पाण्याची मोटार चोरली आणि फोडून तांबं भंगारात विकलं. आता अकरा महिने दारूला शिवलो नाही, बाप्तिस्माही घेतला. प्रभूने क्षमा केली, मग त्या माणसाला सांगायलाच हवं का? येत्या रविवारी साक्ष द्यायला पाळक मला उभं करणार आहेत.

समाधान : सांगायला हवं, आणि साक्षीच्या आधी. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा. यरीहोतला हा मुख्य जकातदार लोकांना नाडून श्रीमंत झालेला. प्रभू त्याच्या घरी आधी गेला, हिशेब नंतर निघाला, पण निघाला. ज्याला लुबाडलं त्याला चौपट देईन, हे जक्कय लोकांदेखत बोलला. क्षमा भरपाईने विकत मिळत नाही हे खरं. पण ज्याला क्षमा कळली, त्या माणसाला दुसऱ्याची मोटार पचत नाही. वधस्तंभावरच्या चोराला परत करायला वेळच उरला नव्हता. तुम्हाला आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्यालाही प्रभूने आधी भावाशी समेट करायला परत पाठवलं आहे; साक्ष हेही अर्पणच.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली चळवळ ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळींच्या सहवासातून निघाली. तिच्या बारा पायऱ्यांतही दुखावलेल्यांची यादी करून भरपाई करणं आहे. दारू सोडलेल्या माणसाच्या मनात लपवलेली चोरी कुजत राहिली की तो पुन्हा बाटलीकडे वळतो, हे त्या लोकांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलेलं आहे.

जायचं कसं? रिकाम्या हाताने नको. मोटारीची आजची बाजारातली किंमत विचारून घ्या, भंगारात मिळालेल्या पैशाचा हिशेब धरू नका. पहिला हप्ता सोबत न्या. वाटल्यास पाळकांना बरोबर घ्या, पण बोला तुम्ही. त्याच्या ओट्यावर बसून ‘प्रभूने मला माफ केलं’ असं म्हणू नका. मोटारीविना भात वाळलं असेल, तर ते त्याचं. तो शिव्या देईल, त्या ऐकून घ्या. पोलिसांत तक्रार झालेली असेल तर आधी वकिलाला भेटा आणि जे होईल त्याला सामोरे जा. तुमच्या भागाला उपदेश नवा नाही. १८९३ साली चार्ल्स रीव यांनी सुरू केलेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचं केंद्र नसरापूरला होतं. तिथल्या गावांनी बोलणं पुष्कळ ऐकलं आहे. चोरलेल्या मोटारीचे पैसे घेऊन दारात आलेला माणूस त्यांनी क्वचितच पाहिला असेल. रविवारची साक्ष पुढे ढकला, पाळकांना कारण सांगा.

शंका : (भोर तालुक्यातील एक भगिनी) नवरा रोज देशी पितो. प्रार्थनेला आला आणि उद्यापासून सोडतो म्हणाला. दवाखान्यात नेलं तर आमचा विश्वास कमी पडला, असं होईल का?

समाधान : मुळीच नाही. जक्कयची गोष्ट सांगणारा लूक परंपरेने वैद्य मानला जातो. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर हात कापतात, घाम सुटतो, भास होतात, फिटही येऊ शकते; पहिले काही दिवस जिवावर बेतू शकतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात कोंडून बंद करायला लावू नका. मुंबईत वांद्र्याला १९८१ साली कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्ती संस्था सुरू करणारे फादर जो परेरा स्वतः दारूतून सुटलेले धर्मगुरू. त्यांनी प्रार्थनेबरोबर बारा पायऱ्या आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेला योगही घेतला. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण ही व्यसनमुक्ती संस्था आहे. ती ख्रिस्ती संस्था नाही, म्हणून तिथे जायला कचरू नका.

सकाळच्या पहिल्या एसटीने नवऱ्याला भोरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. रोज किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगा, लाजेपोटी कमी करून सांगू नका.