आधी स्पर्श, मग काम

आपण घरात शिरलो की चपलांचा आवाज होतो, दारात सावली पडते. कोण आलं ते सांगावं लागत नाही. बधिरांध माणसाला मात्र यातलं फारसं काही पोचत नाही. काहींना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं, काहींना दोन्ही नाही. अशा माणसाचा दंड कुणी न सांगता धरला, तर तो दचकणारच.

म्हणून बधिरांध मुलांना शिकवणारे शिक्षक एक सवय जपतात. आधी हातावर हलकेच स्पर्श करायचा आणि थांबायचं. मग मुलाचा हात आपल्या ठरलेल्या खुणेवर न्यायचा. कुणाची खूण बांगडी, कुणाची मनगटावरचं घड्याळ. जेवणाआधी त्याच्या हाती चमचा द्यायचा, अंघोळीआधी टॉवेल, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला कळतं. आणि निघताना सांगून निघायचं. मला हे शेवटचं फार मोलाचं वाटतं, कारण आपण न सांगता गेलो, तर तो आपण समोरच आहोत असं समजून बोलत राहतो.

सरकारी धोरणालाही हीच जाण हवी. अंधांची शाळा कानांच्या आधारावर चालते, कर्णबधिरांची डोळ्यांच्या. हे मूल दोन्हीकडे मागे पडतं. २०११ च्या जनगणनेत बधिरांधांचा वेगळा रकानाही नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बहुविकलांगतेत त्यांचं नाव घेतलं, सरकारी नोकरीतल्या राखीव जागांमध्येही घेतलं. हे चांगलंच झालं. पण मुलाखतीला, दवाखान्यात, बँकेत जायचं तर तळहातावर अक्षरं काढून किंवा हातात हात घेऊन खुणांनी बोलणं पोचवणारा शिकलेला माणूस सोबत लागतो. त्याचा पगार कुणी द्यायचा? हा भार एकट्या आईवर टाकू नये. तो सरकारनेच उचलला पाहिजे.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं आजपासून करू. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी ही बधिरांध व्यक्तीची खूण आहे. अशी व्यक्ती तुमच्या कार्यालयाच्या खिडकीशी आली, तर नुसतं सोबत्याशी बोलून काम उरकू नका. तिच्या हाताला हलकेच स्पर्श करा, थांबा, आणि तिचं म्हणणं तिलाच विचारा. दोन मिनिटं जास्त लागतील, ती द्या.