कोंडलेली विद्या

विद्या दिल्याने वाढते, हे वचन आपल्या तोंडी नेहमी असते. परंतु ज्याच्या घरची चूल त्याच विद्येवर पेटते, त्याने ती मागेल त्याला द्यावी काय, हा प्रश्न नुसत्या वचनाने सुटत नाही. सोनाराने शेजारच्या मुलाला आपले कसब शिकविले, तर उद्या त्याच गल्लीत दुसरे दुकान उभे राहते. दान थोर खरे, पण ते कोणाच्या ताटातून वजा होते तेही पाहिले पाहिजे. काच फुंकण्याच्या विद्येचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा समोर दिसला.

इ.स. 1291 मध्ये व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी शहरातील काचेच्या भट्ट्या जवळच्या मुरानो बेटावर हलविण्याचा हुकूम काढला. भट्ट्यांमुळे शहराला आगीचे भय होते, हे कारण खरेच होते. पण सारे कारागीर एका बेटावर आल्याने त्यांच्या कसबावर पहारा ठेवणेही सोपे झाले. कारागिरांना मान होता, पैसा होता. परवानगीवाचून परदेशी जाऊन धंदा करण्याची मात्र मुभा नव्हती. पुढे सतराव्या शतकात फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने मुरानोचे आरसे करणारे काही कारागीर गुपचूप फोडून नेले, तेव्हा व्हेनिसने ते राज्यावरचेच संकट मानले.

आपल्या माउलींनी गीतेवरील टीका पूर्ण केली ती शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290. अंतर अवघे एका वर्षाचे. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि ओढूनताणून जोडूही नये. तरी मन थबकते. इकडे संस्कृतात राहिलेला अर्थ मराठीत सर्वांपुढे ठेवला जातो आणि तिकडे भट्टीपुढचे ज्ञान एका बेटात कोंडले जाते! मात्र एवढ्यावरून मुरानोच्या कारागिरांना संकुचित ठरविण्याची घाई नको. गीतेचा अर्थ लाखांनी घेतला तरी उणा होत नाही. आरशाचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेले, की ते गेलेच.

आता या विद्येचे रूप पाहू. इ.स. 1612 मध्ये आंतोनिओ नेरी या इटालियन धर्मगुरूने काच बनविण्यावर एक ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. कोणते क्षार घ्यावेत, कोणत्या धातूने कोणता रंग येतो, हे त्यात विस्ताराने आहे. म्हणजे कृती उघड झाली. पण ते पुस्तक शेजारी ठेवून कोणी पेला फुंकू पाहील तर त्याला तो साधणार नाही, कारण फुंकण्याचे कसब पुस्तकात मावलेलेच नाही.

हाताएवढ्या लांबीहून बरीच मोठी अशी पोकळ लोखंडी नळी भट्टीत बुडवून तिच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा. तो मधासारखा ओघळत असतो. नळी सतत फिरवत राहावे लागते. हात थांबला की गोळा एका बाजूला लोंबलाच. नवशिक्याला वाटते, जोराने फुंकणे हेच मुख्य काम. तसे नाही. थोडीशी हवा आत सोडून नळीचे तोंड अंगठ्याने बंद केले, की आतली हवा तापून आपणच पसरते आणि काचेत बुडबुडा उमलतो. आपला श्वास निमित्तापुरता. काच निवू लागली की पुन्हा धगीसमोर धरायची, ओल्या लाकडी साच्यात घोळवायची, चिमट्याने मान काढायची. वस्तू तयार झाली तरी काम संपत नाही. ती दुसऱ्या गरम पेटीत ठेवून तासन्‌तास हळूहळू निववावी लागते, नाहीतर आतल्या ताणाने तडकते. कोणत्या क्षणी काच ऐकते आणि कोणत्या क्षणी ऐकेनाशी होते, हे शिकविणाऱ्यालाही शब्दांत सांगता येत नाही. तो म्हणतो, बघ. मृदंगाचे बोल वहीत उतरवता येतात, थाप उतरवता येत नाही, हे आपल्या टाळकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

यावरून लपविणे आणि सांगता न येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात येते. आपण मात्र दोन्हींना एकच नाव देतो आणि उगाच म्हाताऱ्या कारागिराला कंजूष म्हणतो.

1962 साली अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो शहरात, तेथील कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये दोन कार्यशाळा झाल्या, एक मार्चमध्ये आणि एक जूनमध्ये. हार्वी लिटलटन हे कुंभारकामाचे शिक्षक. कारखान्याबाहेर, एकट्या माणसाला छोट्या भट्टीवर काच घडवता येईल काय, हे त्यांना पाहायचे होते. पहिल्या प्रयत्नात काच नीट वितळेना. काचशास्त्राचे जाणकार डॉमिनिक लाबिनो यांनी कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या काचेच्या गोट्या वितळवून पाहा असे सुचविले, तेव्हा काम जुळले. तरी फुंकायचे कोणी? जमलेले बहुतेक कुंभारकामातले. लिबी या काचकारखान्यातून निवृत्त झालेले हार्वी लीफग्रीन तेथे आले आणि त्यांनी नळी हातात घेऊन दाखविले. पुढे विद्यापीठांतून हा विषय शिकविला जाऊ लागला, त्याच्या मुळाशी अशा एका निवृत्त कामगाराचे हातही आहेत. त्यांचे पोट आता त्या कसबावर अवलंबून नव्हते, म्हणून त्यांचे देणे सोपे होते असे कोणी म्हणेल. असेलही. सोपे दान ते दान नव्हे, असे मला वाटत नाही.

अवघड उदाहरण लिनो ताल्यापिएत्रा यांचे. जन्म मुरानोचा, 1934 चा. अकरा-बारा वर्षांच्या वयात भट्टीवर लागले आणि ऐन तारुण्यात उस्ताद झाले. 1979 मध्ये ते वॉशिंग्टन राज्यातील पिलचक काचशाळेत शिकवायला गेले आणि हातचे काही राखून न ठेवता शिकविले. मुरानोत त्यांच्यावर टीका झाली. शेकडो वर्षे जपलेले तू परक्यांना वाटून टाकलेस, असा तिचा रोख होता.

टीकाकारांचे चुकले काय? ती विद्या एकट्या लिनोंची नव्हती. कित्येक पिढ्यांच्या भाजलेल्या हातांनी ती घडली होती, आणि त्या हातांच्या वारसांना कोणी विचारले नव्हते. हे मला मान्य आहे. तरीही माझे मन लिनोंच्या बाजूने जाते, आणि ते दान थोर म्हणून नव्हे. जी विद्या हातातूनच हातात जाते, ती घेणारा हात नसेल तर कुलूप लावलेल्या घरात राहत नाही, शेवटच्या उस्तादाबरोबर जाते. ग्रंथ पेटीत शंभर वर्षे पडून पुन्हा वाचता येतो. थाप, फुंक, नळीचे फिरणे यांना पेटी नाही. म्हणून देणाऱ्याइतकाच भार घेणाऱ्यावरही येतो. ज्याच्या ताटातले घेतले त्याचे नाव सांगणे आणि त्याचे गिऱ्हाईक स्वस्त नकलेने न तोडणे, एवढे तरी शिष्याने पाळावे. ते कितीजण पाळतात, हे मुरानोच्या एखाद्या लहान दुकानदाराला विचारायला हवे.