पट्टी नव्हे, प्रीतीचे देणे

वचनाधार : करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ व ९



सुगी आटोपून धान्य घरात आले, म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या सणाची तयारी सुरू होते. कोणी जोंधळा आणितो, कोणी बाजरी, कोणी कोंबडी, तर कोणी परसातला भोपळा. हा मोठ्या आनंदाचा दिवस होय. परंतु ह्याच दिवसांत घरोघरी दुसरे एक बोलणेही कानी येते. "ह्या साली आपल्यावर किती बसते?" "अमक्याने किती दिले? त्याहून कमी दिले तर चारचौघांत बरे दिसणार नाही." "एकदाचे देऊन टाकू, म्हणजे पाळकसाहेब पुन्हा दारी यावयाचे नाहीत." असे बोलणारे लोक वाईट नव्हेत. ते देतात, आणि वेळेवरही देतात. तरी ज्या मनाने सरकारात सारा भरावयाचा, त्याच मनाने ते प्रभूपुढे आपले दान ठेवितात, आणि देऊन झाल्यावर 'सुटलो' असे त्यांस वाटते. ह्या मनाविषयी पवित्र शास्त्र काय सांगते, ते आज आपण पाहू.

क्लौद्य कैसराने इ. स. ४१ पासून ५४ पर्यंत राज्य केले. त्याच्या दिवसांत मोठा दुष्काळ पडला, असे प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात सांगितले आहे. यहूदीयातील बंधुजनांस त्या वेळी अंत्युखियाच्या मंडळीने मदत पाठविली. पुढे यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने गलतिया, मासेदोनिया व अखया ह्या प्रांतांच्या मंडळ्यांत वर्गणी जमविण्याचे काम हाती घेतले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देणारे बहुतेक परराष्ट्रीय होते आणि घेणारे यहूदी होते. देणाऱ्यांनी घेणाऱ्यांचे तोंडही पाहिले नव्हते. शिवाय यहूदी विश्वासणाऱ्यांपैकी कित्येकांस परराष्ट्रीयांच्या पंक्तीस बसणे अवघड वाटत असे. पंक्तिभेद म्हणजे काय, हे आमच्या देशातील लोकांस निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. जे आपल्या ताटाला ताट लावण्यास कचरतात, त्यांच्या लेकरांच्या पोटाची काळजी वाहणे, असे हे दान होते.

आता दोन मंडळ्यांची तुलना करू. करिंथ हे शहर युलियस कैसराने इ. स. पू. ४४ मध्ये पुन्हा वसविले होते. त्यास दोन बाजूंस दोन बंदरे होती, आणि पूर्वपश्चिमेचा व्यापार तेथून चाले. तेथील सगळेच विश्वासणारे धनवान होते असे नाही; तरी मासेदोनियाकरांच्या मानाने त्यांची स्थिती बरी होती. वर्षापूर्वी वर्गणीस प्रथम होकार देणारे तेच होते. पण वर्ष उलटले, उत्साह ओसरला आणि काम अर्धवट राहिले. उलटपक्षी मासेदोनियातील मंडळ्या छळाने गांजलेल्या व दारिद्र्याने पिचलेल्या होत्या. त्यांपैकी फिलिप्पै येथे पौलास फटके मारून तुरुंगात टाकिले होते. त्याच गावी जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया आणि तुरुंगाचा नाईक हे आरंभीचे विश्वासणारे झाले. त्यांच्या मंडळीने पौलाच्या गरजेसाठी एकदा नव्हे, अनेकदा मदत पाठविली. आणि ती घेऊन गेलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी पोहोचला होता. असे हे गरीब लोक यरुशलेमेच्या वर्गणीत आम्हांसही वाटा घेऊ द्या, म्हणून पौलाच्या मागे लागले.

गरिबाच्या हाती हे बळ कोठून आले? पौल त्याचे कारण आठव्या अध्यायाच्या पाचव्या वचनात सांगतो : त्यांनी आधी स्वतःस प्रभूला देऊन टाकिले होते. ज्याने स्वतःस राखून ठेविले आहे, त्याला प्रत्येक पायली आपल्या अंगातून तोडून दिल्यासारखी वाटते. ज्याने स्वतःस दिले आहे, त्याने आपले घर, खळे व कणगी ही त्यासोबतच दिलेली असतात. मग त्यातून किती घरी ठेवावे आणि किती पाठवावे, एवढाच विचार उरतो.

पौल प्रेषित होता. त्याला हुकूम करिता आला असता. करिंथकर त्याचे ऋणी होते, आणि नुसत्या एका पत्राने त्यांची थैली भरली असती. तरी आपण हे आज्ञा म्हणून सांगत नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले. हुकमाऐवजी त्याने त्यांच्यापुढे ख्रिस्ताची कृपा ठेविली : जो धनवान होता तो आमच्यासाठी दरिद्री झाला, अशा हेतूने की त्याच्या दारिद्र्याने आम्ही धनवान व्हावे. ह्याच मंडळीस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात त्याने असेही कळविले होते की, मनुष्याने आपले सर्वस्व वाटून टाकिले आणि त्याच्या ठायी प्रीती नसली, तर त्याचा त्यास काही लाभ नाही. मनुष्याने ते पैसे देवाला दिले की लोकांच्या तोंडाला दिले, हे आम्हांस कळत नाही, देवाला कळते.

सासरी परत जाणाऱ्या लेकीची शिदोरी आई बांधिते, ती पाहा. किती भाकरी द्याव्या ह्याचा नियम तिला कोणी घालून दिलेला नसतो. ती भाकरी बांधिते, मग चटणी आठवते, मग उतरंडीतले राखून ठेविलेले शेंगदाणे काढिते, आणि लेक वेशीपर्यंत गेल्यावर मागून कोणाला तरी धावत पाठविते. घरात थोडे असेल तर थोडे देते, पण त्या थोड्याचीही तिला लाज वाटत नाही. प्रीतीचे माप हे असे आहे. पट्टी देणारा 'किती दिले म्हणजे पुरे' असे विचारितो. प्रीती करणारा 'आणखी काय देता येईल' असे विचारितो.

कोणी म्हणेल, "हे बोलणे ऐकावयास गोड आहे. पण सर्व प्रीतीवर सोपविले, तर ज्यांची प्रीती थंड आहे ते काहीच देणार नाहीत. मग उपदेशकाची चूल कशी पेटावी? शाळेच्या छपरावर कौले कोणी घालावी?" ही शंका खरी आहे, आणि पौलाने ती सोडून दिलेली नाही. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी, देवाने यश दिले असेल त्या मानाने, काही बाजूला काढून ठेवावे, असे त्याने करिंथकरांस सांगितले होते. तसेच ह्या पैशाविषयी कोणास बोट दाखविता येऊ नये म्हणून त्याने तीत व मंडळ्यांनी निवडलेली माणसे ह्या कामावर नेमिली. म्हणजे वेळ ठरविणे, हिशेब चोख ठेवणे, ही प्रीतीच्या विरुद्ध नाहीत. लेकरावर प्रीती करणारी आईही चूल रोज ठरल्या वेळीच पेटविते.

मिझोराममधील मंडळ्यांचे उदाहरण घ्या. तेथील ख्रिस्ती भगिनींनी १९१० पासून अशी रीत पाडिली की, घरच्या जेवणासाठी तांदूळ काढिताना त्यातून एक मूठ प्रभूच्या कामासाठी वेगळी ठेवावी. त्या मुठीवर किती सुवार्तिकांचे पोषण झाले! मूठभर तांदूळ काढल्याने कोणाचे घर उपाशी राहत नाही. पण प्रत्येक जेवणापूर्वी त्या बाईस आपल्या प्रभूची व कोणा परक्याच्या भुकेची आठवण होते. नियम आहे, पण त्या नियमात जीव प्रीतीने घातला आहे.

येथे वर्गणी गोळा करणाऱ्या आम्हां सर्वांस, पाळक, उपदेशक व पंच ह्यांस, एक इशारा आहे. विधवेने भांडारात दोन टोल्या टाकिल्या, ही गोष्ट आपण फार वेळा सांगतो. पण मार्काच्या १२ व्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी आधी प्रभूने कोणाविषयी सावध केले आहे, ते आपण क्वचितच वाचितो. लांब प्रार्थना करून विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी ते बोलणे आहे. म्हणून जिच्या घरी कणगीच्या तळाशी दोन शेर धान्य उरले आहे, तिला भर मंडळीत नाव वाचून लाजविणे हे प्रभूच्या मनासारखे नाही. तिने आपण होऊन दिले तर डोळ्यांत पाणी आणून घ्यावे. नाही दिले तर तिच्या घरी काय कमी आहे, ते पाहून यावे.

आणखी एक गोष्ट आमच्या पुष्कळ मंडळ्यांस मनापासून समजेल. आमच्यातील कित्येकांच्या वाडवडिलांनी बलुत्यासाठी खळ्याच्या कडेला उभे राहण्यात जन्म घालविला. राबले तेच, तरी मळणी उरकल्यावर उरलेसुरले, मातीत मिसळलेले धान्य त्यांच्या पदरात दुरून टाकिले जाई. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली. परंतु जे घेताना मान खाली घालावी लागते, ते देणे कसे असते, हे आम्ही विसरलो नाही. तर मग आम्ही देताना तसे देऊ नये. दावीद राजास अरवना यबूशी आपले खळे व बैल फुकट देत होता. तरी ज्यास आपले काही वेचले नाही, ते देवाला अर्पिण्यास दावीद राजी झाला नाही. पन्नास शेकेल रुपे मोजून त्याने ते विकत घेतले. किडलेला जोंधळा, बाजारात न चालणारी नोट, घरी नकोसे झालेले लुगडे, ही दाने नव्हेत. आणि गरिबास द्यावयाचे तर दारातून फेकून नव्हे. त्यास ओसरीवर बसवून, पाणी देऊन, भाऊ म्हणून द्यावे.

पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळातच आपले आईबाप गमाविले. पुढे १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीने गांजलेल्या शेकडो मुली व स्त्रिया आणून केडगाव येथे त्यांनी त्यांस आश्रय दिला. त्यांच्यावर कोणी ही पट्टी बसविली नव्हती. भुकेचे दुःख त्यांनी भोगिले होते, ख्रिस्ताची प्रीती त्यांनी ओळखिली होती, म्हणून त्यांस घरी बसवले नाही.

आणि पौलाचे काय झाले? यरुशलेमेत धोका आहे, असे वाटेत त्यास पुष्कळांनी बजाविले. तरी तो गेला; आपण आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो, असे त्याने पुढे फेलिक्स सुभेदारापुढे सांगितले. त्या नगरात त्यास धरिले आणि साखळदंड घातले. इतरांपासून त्याने पैसे मागितले. स्वतःकडून त्याने स्वातंत्र्य दिले.

तेव्हा प्रियजनहो, ह्या सुगीस आपले सूप भरण्यापूर्वी घरच्या सर्व माणसांनी एकत्र बसावे. शेजाऱ्याने किती दिले हे विचारू नये. प्रभूने आमच्यासाठी काय दिले, हे मुलाबाळांस सांगावे, आणि मग हात घालावा. ज्याचे मन थंड आहे त्याने देणे थांबवू नये. देता देता वधस्तंभाकडे पाहावे आणि प्रीतीही मागून घ्यावी. ज्याच्या घरी काहीच नाही, त्याने एक दिवस आजाऱ्याच्या उशाशी बसावे, विधवेचे सरपण फोडून द्यावे. तेही प्रभूच्या भांडारात जमा होते.

ज्याने आपणास आमच्यासाठी दिले, तो आम्हांस देण्याचा आनंद देवो. आमेन.